बाराखडी तोंडपाठ, पण वाचता येत नाही

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र, तेवीस मुलं. सगळ्यांच्या घरी अहिराणी बोलतात. दुसरीच्या मुलांना बाराखडी तोंडपाठ आहे, फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवूनही घेतात, पण वाचायला दिलं की अडतात. एका मुलीपुढे मगरीचं चित्र आणि त्याखाली ‘मगर’ हा शब्द होता. तिने बोट ठेवून म, ग, र असं बरोबर म्हटलं, मग चित्राकडे पाहिलं आणि ठासून सांगितलं, ‘सुसर’. दुसरा एक मुलगा धडाच्या धडा न अडखळता वाचतो, पण नंतर ‘कोण कुठे गेलं?’ एवढं विचारलं तरी गप्प. केंद्रप्रमुख साहेब निपुण भारत या सरकारी अभियानाच्या याद्या मागतात, कुणाला वाचता येतं आणि कुणाला नाही. एका प्रशिक्षणात सांगितलं, आधी अक्षरं पक्की करा. दुसऱ्यात सांगितलं, अक्षरं सुटी शिकवूच नका, गोष्टींतून आपोआप येतात. मी नेमकं काय करू? वर्गात अहिराणी बोलू द्यावं का, की त्याने मराठी आणखी मागे पडेल? लिहिताना इतक्या चुका होतात की लाल पेनाने पान भरतं. नमुन्यादाखल त्याच मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवतेय. आणि पालक म्हणतात, मराठीचं राहू द्या, इंग्रजीचं बघा.
– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

‘सुसर’ वाचून मी आधी मनापासून हसले आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्या मुलीनेच देऊन ठेवलंय.

तिने काय केलं बघा. बोटाखालची तिन्ही अक्षरं ओळखली. चित्रातला प्राणी ओळखला आणि त्याला तिच्याकडे जे म्हणतात ते सांगितलं. म्हणजे अक्षरं येतात, अर्थही लावता येतो. या दोहोंचा एकमेकांशी संबंध असतो, हे मात्र तिला अजून कुणी दाखवलेलं नाही. तिच्या लेखी म-ग-र म्हणणं हे एक काम आणि चित्र बघून सांगणं हे दुसरं. ‘चूक’ म्हणून पुढे गेलात तर पुढच्या वेळी ती चित्राकडे बघायचंच सोडून देईल. त्यापेक्षा म्हणा, ‘बरोबर, सुसरच आहे. पुस्तकवाल्यांनी तिला दुसऱ्या नावाने लिहिलंय. काय लिहिलंय ते बघू या का?’

यात आपल्या लिपीचीही एक खोच आहे आणि प्रशिक्षणांत ती कुणी सांगत नाही. सुटं म्हणताना आपण म, ग, र या प्रत्येकात शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारतो. बोलताना मात्र ‘म-गर्’ म्हणतो, शेवटचा ‘र’ पाय मोडलेला. घर, नळ, कमळ, बदक, सगळ्यांची हीच गत. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपल्याला शब्द आधीच माहीत असतो. लहान मुलाच्या कानाला म, ग आणि र यांची बेरीज ‘मगर’ होतच नाही. याउलट ‘मामा’, ‘नाना’, ‘काकी’ घ्या. जसं लिहिलंय तसंच्या तसं ऐकू येतं. म्हणून बिनकान्या-मात्रेचे शब्द सोपे आणि बाकीचे अवघड, ही आपल्याकडची जुनी समजूत मला कधीच पटलेली नाही. शिवाय तसल्या शब्दांतून वाक्यं तरी कसली निघतात? ‘बबन, घर बघ. अमर, सरबत भर.’ नुसते हुकूम. साक्रीत काय किंवा साताऱ्यात काय, कुणाच्या घरात असं बोलतात?

तेव्हा पहिलीला पहिल्या महिन्यातच काना आणि दुसरी वेलांटी आणा. म, न, ब, प, य, ल एवढी सहा अक्षरं आणि ही दोन चिन्हं हाताशी आली की माय, बाप, मामा, नाना, पानी, लाल, मना, मनी असे त्यांच्या तोंडातले शब्द तयार होतात. हो, ‘पानी’ आणि ‘मना’सुद्धा. त्यावर पुढे बोलते. बाकीची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नको, बोलण्यात किती वापरात आहेत त्या क्रमाने आणा. ङ आणि ञ यांची दुसरीपर्यंत कुणाला घाई आहे? घ-ध, भ-म, ब-व, प-ष अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर बऱ्याच दिवसांनी दुसरं. आणि वाचून दाखवताना प्रत्येक अक्षराखाली बोट ठोकू नका. शब्दाखालून सरकवा, आवाजही तसाच न तोडता लांबवत न्या. ‘मऽऽगर्’.

आता तो गडगड वाचणारा मुलगा. 1986 साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघा अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं: लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एका बाजूला शून्य असलं की दुसरी बाजू कितीही मोठी असो, हाती शून्यच येतं. तुमच्या याद्यांत हा मुलगा बहुधा ‘वाचन येते’ या रकान्यात असेल आणि ती मुलगी ‘येत नाही’च्या. माझ्या मते दोघंही अजून वाचत नाहीत, फक्त अडलेत वेगवेगळ्या ठिकाणी.

उद्याच हे करून बघा. त्याच्या धड्याएवढाच सोपा दुसरा चार ओळींचा उतारा घ्या, पुस्तक तुमच्याकडेच ठेवा, आणि तुम्ही त्याला वाचून दाखवा. मग विचारा, कोण कुठे गेलं. ऐकूनही कळलं नाही तर अडचण भाषेची आहे. पुस्तकातलं मराठी त्याला परकं आहे, आणि त्याच्याकडून आणखी दहा धडे वाचून घेतलेत तरी फरक पडणार नाही. त्याला गोष्टी ऐकायला हव्यात, भरपूर बोलायला हवं. ऐकून कळलं, पण स्वतः वाचल्यावर कळत नाही, असं झालं तर त्याची समजूत अशी झालीय की वाचन म्हणजे बाईंना आवाज काढून दाखवणं. मग दर दोन वाक्यांनी थांबवा. ‘आता काय होईल रे?’ विचारा. सुरुवातीला तो गोंधळेल, कारण वाचताना विचार करायचा असतो हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बाराखडीबद्दल. ती पाठ आहे म्हणजे काय आहे? मुलाला मधलंच ‘कु’ दाखवा. पुष्कळदा तो मनातल्या मनात क, का, कि, की करत तिथवर येतो, जसं सातसक विचारल्यावर काही मुलं सातएकेपासून सुरू करतात. त्याला ‘कु’ येत नाही, चाल येते. एका व्यंजनाची खडी बाराची, 34 व्यंजनं धरली तर 408 चिन्हं, वर जोडाक्षरं वेगळी. एवढं सगळं घोकून कुणी शिकत नाही. शिकायची असतात ती 34 अक्षरं आणि ती काना-मात्रा-वेलांटीची मोजकी चिन्हं, आणि कुठलंही चिन्ह कुठल्याही अक्षराला लागलं की आवाज एकाच रीतीने बदलतो, ही युक्ती. ही युक्ती बाराखडीच्या गाण्यात दिसत नाही, कारण तिथे ‘का’ हा ‘क’ नंतरचा दुसरा नंबर असतो. म्हणून खडी आडवी न म्हणता उभी करा: का, मा, ना, पा, बा. नंतर की, मी, नी, पी, बी. मुलांना विचारा, यात सारखं काय आहे, दिसायला आणि ऐकायला. सांगतील.

थोडा धीरही धरा. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपल्यासारख्या लिप्यांतली अक्षरं पुरती हाती यायला तिसरी-चौथीपर्यंत वेळ लागतो. इंग्रजीची 26 अक्षरं वर्षात होतात, म्हणून आपली मुलं मंद ठरत नाहीत. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. ‘र’ तर कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी ‘प्र’मध्ये पोटात शिरतो, कधी ‘ट्र’मध्ये पायाशी येतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एकच लिहायचा, म्हणायचा मात्र दोन तऱ्हांनी. ऱ्हस्व-दीर्घ तर बोलण्यात धड ऐकूच येत नाहीत. दुसरीच्या मुलाच्या वहीत त्यांना मी हातसुद्धा लावणार नाही.

अक्षरं आधी की गोष्टी आधी, हे भांडण मला सांगाल तर बरंचसं उसनं आहे. ते इंग्रजीच्या मुलखात पेटलं, कारण तिथे लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. आपल्याकडे अक्षर आणि आवाज यांचं नातं पुष्कळ सरळ आहे, ते मुलांना उघड शिकवलंच पाहिजे. नुसत्या गोष्टी ऐकून अक्षरं ‘आपोआप’ येतात हे मी मानत नाही. ज्या घरांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, मांडीवर घेऊन वाचून दाखवणारं माणूस असतं, त्या घरांतल्या मुलांचं आपोआप झालेलं दिसतं. तुमच्या तेवीस जणांच्या घरी ते कोण करणार? पण अक्षरं पक्की होईपर्यंत अर्थाला सुट्टी, हेही तितकंच चूक. पालघरकडच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं सलग मागोवा घेतला गेला होता. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. वर्गातला बहुतेक वेळ वर्णमाला-बाराखडी सामूहिक म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात जातो, गप्पा, गोष्टी आणि स्वतःचं लिहिणं यांना कशीबशी जागा मिळते, आणि तिसरी संपत आली तरी पुष्कळ मुलांना साधा उतारा झेपत नाही, हे त्यांना दिसलं. तुमचा वर्ग त्या अहवालातून उठून आल्यासारखा आहे.

दोन्ही रोज हवं, आणि पहिलीच्या पहिल्या दिवसापासून. तुमचा वर्ग जोडवर्ग आहे याचा इथे फायदाच होईल. सकाळी दोन्ही इयत्ता एकत्र बसवून एक गोष्ट मोठ्याने वाचा. सांगू नका, वाचा: पुस्तक मुलांकडे तोंड करून, ओळीखाली बोट फिरवत. कागदावरच्या या रेघोट्यांतून बाई बोलताहेत, डावीकडून उजवीकडे जाताहेत, दोन शब्दांत जागा सोडलीय, हे ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांना बघितल्याशिवाय कळायचं नाही. एकच पुस्तक तीन-चार दिवस वाचा. तुम्हाला कंटाळा येईल, त्यांना येत नाही. रोज दोन-तीन नवे शब्द मुद्दाम वापरा, आणि ‘कोण, कुठे’पेक्षा ‘का’ जास्त विचारा. पुस्तकं नसली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मोबाइलवरून वाचण्यापेक्षा दोन-चार छापून घ्या. त्यानंतर पहिलीला अक्षरांचं काम द्या, तेवढ्या वेळात दुसरी जोडीजोडीने लिहिते-वाचते, मग अदलाबदल. मिनिटांचं वेळापत्रक मी देणार नाही, तुमचा वर्ग तुम्हाला ठाऊक.

आता अहिराणी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

अहिराणी हे बिघडलेलं मराठी नाही. ग्रियर्सनने भारताचं भाषिक सर्वेक्षण केलं तेव्हा खानदेशीला, म्हणजे अहिराणी जिच्यात मोडते तिला, मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या खंडात घातलं. आजही जनगणनेत खानदेशी वेगळी मोजतात. तुमच्या मुलांसाठी शाळेची भाषा ही दुसरी भाषा आहे. फसवी अशासाठी की ती बरीचशी कळते, म्हणून कुणी तिला दुसरी भाषा मानत नाही. कोरकू किंवा माडिया बोलणारं मूल वर्गात आलं की शिक्षकाला निदान समजतं, याला आपली भाषा येत नाही. अहिराणी बोलणाऱ्याला मात्र ‘नीट बोल’ म्हणतात. जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवून दिलंय की नव्या भाषेत गप्पा मारायला मूल दोनेक वर्षांत शिकतं, पण पुस्तकातली, विचार करायची भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. मैदानावर फाडफाड मराठी बोलणारं मूल धड्यापाशी गप्प का होतं, त्याचं कारण हे. आणि त्यांचंच दुसरं म्हणणं असं की एका भाषेत जे कमावलं ते दुसरीत वाया जात नाही. गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं मूल अहिराणीत शिकलं, तर मराठीत ते पुन्हा शून्यापासून शिकावं लागत नाही.

खानदेशात राहून बहिणाबाईंचं नाव घेतल्याशिवाय हे सांगता येत नाही. 1880 साली आसोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची बोली लेवा, अहिराणीची शेजारीण. त्या जात्यावर, वावरात जे म्हणत ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं आणि त्या गेल्यावर, 1952 साली, ते पुस्तक होऊन आलं. लिपी शून्य आणि भाषा केवढी! तुमच्या वर्गात येणारं मूल निम्मी कमाई घेऊनच दाराशी येतं. आपण ती दाराबाहेर ठेवायला लावतो.

मग वर्गात करायचं काय? मूल म्हणालं, ‘मना बाप वावरमा गया’, तर ‘असं नाही, शेतात गेले म्हण’ असं म्हणू नका. त्याचं बोलणं तिथेच मरतं. ‘हो का? तुझे बाबा शेतात गेले? आज काय काढायचंय?’ असं उत्तर द्या. त्याला मराठी रूप ऐकायलाही मिळालं आणि गप्पाही पुढे गेल्या. चार महिन्यांत ‘शेतात’ त्याच्याच तोंडून येऊ लागेल. आठवड्यातून एकदा फळ्याचे दोन भाग करा, एका बाजूला घरची वाक्यं, दुसऱ्या बाजूला पुस्तकातली. घरमा – घरात. बजारमा – बाजारात. नदीमा – नदीत. माले – मला, तुले – तुला. नियम तुम्ही सांगू नका, मुलांना शोधू द्या. दुसरीतली मुलं ‘मा काढायचा आणि त लावायचा’ असं बरोबर हुडकतात आणि वर त्यांना फार मोठं काही सापडल्याचा आनंद होतो. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे दोन शब्द तेवढे वर्गातून हद्दपार करा. ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’ म्हणा.

आणि तुम्ही अहिराणी शिका. मुलांकडून शिका, त्यांच्यासमोर. ‘काय करी ऱ्हायनात?’ असं सातारी चालीत विचारलंत की वर्ग हसेल. हसू द्या. नवी भाषा बोलताना चुकायचं असतं आणि चुकलं तरी बोलत राहायचं असतं, हे दाखवून द्यायला याहून चांगला धडा नाही. श्रावणात खानदेशातली कानबाई देवी बसते तेव्हा कुणाच्या घरी प्रसादाचे किती रोट झाले, रात्री गाणी कुणी म्हटली, हे विचारून बघा. जो मुलगा ‘कोण कुठे गेलं’ला गप्प बसतो, तो इथे गप्प बसतो का बघा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये तिथून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तुम्हाला तर वर्गाचं दारही ओलांडायचं नाही.

कुणी हरकत घेतलीच तर कायदा तुमच्या बाजूने आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 350 अ, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 आणि 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, तिन्हींत मुलाच्या मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे. तो पाळला किती जातो, हा वेगळा विषय.

आता ते वहीचं पान. फोटो मोठा करून पाहिला. मुलीने लिहिलंय: ‘मन बप ववरम गय’. त्यावर तुमची लाल काट, खाली तुमच्या अक्षरात ‘माझे बाबा शेतात गेले’ आणि शेजारी ‘तीनदा लिही’. तिनेही सुंदर अक्षरात तीनदा लिहिलंय.

बाई, त्या चार शब्दांत तुम्हाला चार चुका दिसल्या. मला एकच चिन्ह राहिलेलं दिसतं. मना, बाप, वावरमा, गया: सगळी व्यंजनं बरोबर, क्रम बरोबर, दोन शब्दांमधली जागा बरोबर, वाक्य पुरं आणि अर्थ स्पष्ट. काना तेवढा पाचही ठिकाणी नाही. म्हणजे कान्याचं काम तिला अजून उमगलेलं नाही, आणि बाराखडी तोंडपाठ असून उमगलेलं नाही, हे ध्यानात घ्या. सुसरवाली मुलगी ती हीच, आणि तिला उद्या नेमकं काय शिकवायचं हे या पानाने सांगितलं. इतकी नेमकी माहिती कुठल्याही छापील चाचणीतून निघायची नाही. तिच्याशेजारी बसा, ‘बप’ आणि ‘बाप’ एकाखाली एक लिहा आणि तिलाच विचारा, तुझा कुठला? ती स्वतः काना काढेल. मग ‘गय’कडे बोट दाखवा. आजच्यापुरतं बास.

तुमच्या दुरुस्तीत एक गोष्ट मात्र मला खटकली. तुम्ही काना दुरुस्त केला नाहीत, वाक्यच बदललंत. तिचा बाप तुमचे बाबा झाला, तिचं वावर गेलं. तिने तीनदा जे लिहिलं ते तिचं नव्हतं. यातून मूल शिकतं की लिहायचं म्हणजे बाईंचं उतरवायचं. तुम्ही पत्रात म्हणता, मुलं फळ्यावरचं सुबक उतरवतात. ते वळण झालं, लेखन नव्हे. मुलांनी सांगायचं आणि तुम्ही फळ्यावर लिहायचं, अगदी त्यांच्या शब्दांत, मग सगळ्यांनी मिळून ते वाचायचं, हे रोज करा. आपण तोंडाने बोललो ते भिंतीवर उमटलं आणि उद्या सकाळीही तिथेच आहे, याचं अप्रूप पहिलीच्या मुलाला किती वाटतं ते बघालच. पहिलीतलं कुणी नुसत्या रेघोट्या ओढून ‘हे माझं पत्र’ म्हणालं तर त्याला विचारा, काय लिहिलंयस, आणि त्याने सांगितलेलं खाली लिहून द्या. मुलांचे कागद दोरीवर टांगा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, साहेबांच्या नव्हे.

साहेबांवरून निपुण. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारतचं म्हणणं मुळात वाईट नाही: तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने समजून वाचावं. अडचण अशी की मिनिटाला 60 शब्द वाचले का ते मोजता येतं, ‘समजून’ मोजायला वेळ लागतो, म्हणून सगळी धाव आकड्याकडे. याद्या द्या, द्याव्याच लागतात. पण त्यासोबत एक साधी वही ठेवा. रोज चार-पाच मुलांना एकेकटं जवळ घेऊन ऐका, आठवड्यात सगळा वर्ग होतो. कोण अक्षरापाशी आहे, कोण शब्दापाशी, कोण परिच्छेद वाचून सांगतं, एकेका ओळीत टिपा. केंद्रप्रमुख आले की त्या मुलीचं जूनमधलं पान आणि दिवाळीनंतरचं पान शेजारी ठेवून दाखवा. मला भेटलेल्या केंद्रप्रमुखांतले बरेचसे मुळात शिक्षकच होते, त्यांना हे वाचता येतं. आणि महिनोन्‌महिने जवळ घेऊनही एखाद्या मुलाला दोन आवाजांतला फरक कळेना, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव स्वतः पुढे करा.

राहिले पालक. त्यांना इंग्रजी हवं, यात काही चूक नाही, आणि 2000 सालापासून आपल्याकडे ते पहिलीपासून आहेच. त्या तासाला गाणी, खेळ, ‘ऊठ, बस, दार उघड’ अशा सूचना, हे सगळं तोंडी आणि भरपूर करा. ए-बी-सी-डी लिहून घेण्याची घाई मात्र मराठी अक्षरं स्थिरावेपर्यंत नको. वाचायचं कसं हे मूल एकदाच शिकतं, मग दुसऱ्या लिपीत त्याला निम्मीच मेहनत पडते. हे पालकसभेत समजावून सांगत बसू नका, कुणी ऐकत नाही. तिथे त्या मुलीला उभं करा आणि तिने लिहिलेलं तिलाच वाचायला लावा, तिच्या बापासमोर.